जागतिकीकरण आणि चारबागेचा फलाट

लखनौच्या रेल्वे स्थानकाला सारे शहर 'चारबाग' म्हणते. चारबाग म्हणजे चार भागांत आखलेली बाग. मधून पाण्याचे पाट, पाटांच्या कडेने फुलांचे वाफे आणि फळझाडांच्या ओळी. ही आखणी मूळची इराणची. इस्फहान शहरात याच नावाचा जुना राजमार्ग आहे. बाबराने ती काबूलहून आग्र्यास आणली, दिल्लीत हुमायूनच्या कबरीभोवती तिला भव्य रूप मिळाले, आणि नवाब आसफउद्दौलाने १७७५ साली फैजाबाद सोडून लखनौला राजधानी केली, त्यानंतर शहराच्या दक्षिण वेशीपाशी अशीच एक बाग फुलली, असे सांगतात. आज त्या ठिकाणी बाग नाही. तिथे रुळांचे जाळे आहे, घुमट आहेत, छत्र्या आहेत आणि अहोरात्र माणसांची रीघ आहे. बाग गेली, तिचे नाव मात्र उरले.

या नावाचा प्रवास इस्फहानपासून लखनौपर्यंतचा आहे, आणि तो कोणी 'जागतिकीकरण' हा शब्द उच्चारण्यापूर्वी कित्येक शतके घडलेला आहे. हा शब्द तसा अलीकडचा. १९८३ साली अमेरिकेतील थिओडोर लेव्हिट या प्राध्यापकाने बाजारपेठांच्या जागतिकीकरणावर एक लेख लिहिला आणि तेथून तो व्यापारी मंडळींच्या तोंडी रुळला. आपल्याकडे १९९१ च्या जुलै महिन्यात अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी जो अर्थसंकल्प मांडला, त्यानंतर तो वृत्तपत्रांत रोजचा झाला. १९९५ साली जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली, तेव्हा तर या शब्दाचे दोन तट पडले. एक तट म्हणे, हा तारणहार. दुसरा म्हणे, हा काळ. दोन्ही तटांनी गृहीत धरले होते की, ही वस्तू नवी आहे आणि एकच आहे.

ती नवी नाही, हे चारबागेच्या नावावरूनच दिसते. ती एकही नाही. दूरदूरच्या लोकांचे व्यवहार एकमेकांत असे गुंतणे की एका ठिकाणच्या घडामोडीने दुसऱ्या ठिकाणच्या माणसाचा घास, मजुरी किंवा विचार बदलावा, एवढाच जागतिकीकरणाचा साधा अर्थ करता येईल. माल, पैसा, माणसे आणि कल्पना ही चारही या वाटेने येतात. परंतु ती सारख्याच वेगाने येत नाहीत, आणि सारख्याच अटींवर तर मुळीच येत नाहीत. म्हणून 'जागतिकीकरण चांगले की वाईट' हा प्रश्न 'वारा चांगला की वाईट' असे विचारण्यासारखा होतो. शीड कोणाच्या हाती आहे, हे आधी विचारले पाहिजे.

नवाबी लखनौचेच पाहा. अवधच्या नवाबांचे मूळ खोरासानातील निशापूरचे. त्यांच्या दरबारात फ्रान्समधील लिआँ या गावी १७३५ साली जन्मलेला क्लोद मार्तँ होता. सैनिक म्हणून आलेला हा मनुष्य नवाबाच्या शस्त्रागाराचा प्रमुख झाला, वाडे बांधू लागला, सावकारी करू लागला, कानपूरनजीक निळीची शेती करू लागला आणि १८०० साली लखनौत वारला, तो गडगंज श्रीमंत म्हणून. त्याच्या मृत्युपत्रातील पैशांतून लखनौ, कलकत्ता आणि लिआँ या तीन शहरांत शाळा निघाल्या. योहान झोफनीसारखा युरोपीय चित्रकार त्या दरबारात कोंबड्यांच्या झुंजींची चित्रे रंगवीत होता. लखनौ तेव्हा जगापासून तुटलेले नव्हते. मात्र काय घ्यावे, कोणाला ठेवून घ्यावे, हे बऱ्याच अंशी लखनौतच ठरत होते. बटाटा, मिरची, तंबाखू ही पोर्तुगिजांच्या जहाजांतून आलेली पिके आपल्या शेतकऱ्याने आणि आपल्या गृहिणीने अशीच स्वीकारली. 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगिजांकडून आलेला. पण त्याची भाजी परकी आहे, असे कोणत्याही महाराष्ट्रीय गृहिणीला वाटत नाही.

नवाबी अमलाचा गौरव करण्याचे कारण नाही. कंपनी सरकारची खंडणी भरता भरता रयतेची पिळवणूक त्या राज्यातही होत होती. तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १७८४ च्या सुमारास उत्तरेत मोठा दुष्काळ पडला, तेव्हा आसफउद्दौलाने बडा इमामबाडा बांधावयास काढला तो भुकेल्यांना काम मिळावे म्हणून, अशी परंपरा आहे. राजा चांगला असो की वाईट, तो हाकेच्या अंतरावर होता. भुकेल्या माणसाला त्याच्या दारात उभे राहता येत होते.

पुढे हे दारच लांब गेले. ७ फेब्रुवारी १८५६ रोजी अवधचे राज्य खालसा झाले. दीड वर्षाने, २५ सप्टेंबर १८५७ रोजी, हॅवलॉकची फौज चारबागेच्या पुलावरून लढत लढत शहरात शिरली. आणि त्यानंतर दहा वर्षांच्या आत, १८६७ साली, कानपूर ते लखनौ हा लोहमार्ग सुरू झाला. १८७२ साली त्याची अवध आणि रोहिलखंड रेल्वे झाली, १८८९ साली ती सरकारने ताब्यात घेतली आणि १९२५ साली ती ईस्ट इंडियन रेल्वेत विलीन झाली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली, तेव्हापासून आरंभीच्या बहुतेक रेल्वे कंपन्यांना भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी सरकारने दिलेली होती. रेल्वे तोट्यात गेली तरी लंडनच्या भागधारकाचे व्याज हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे करदात्याच्या खिशातून, चुकते होत असे. गाडी सर्वांसाठी धावत होती. जोखीम मात्र एकाच बाजूची होती.

हे जोखमीचे प्रकरण नीट पाहिले म्हणजे पुष्कळसा उलगडा होतो. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला आणि पुढल्याच वर्षी मुंबई ते लंडन तारायंत्र जोडले गेले. १८७३ साली गव्हावरील निर्यात कर उठविण्यात आला. गंगायमुनेच्या दुआबातील गहू आता इंग्लंडच्या बाजारात जाऊ लागला. लिव्हरपूलचा भाव आगगाडीच्या वाटेवरील मंडीत तारेने कळू लागला. शेतकऱ्याला चांगला भाव मिळाला, हे खरेच. ज्यांच्यापाशी विकण्याइतके धान्य होते, त्यांना तो मिळाला. पण १८७७-७८ साली वायव्य प्रांतात आणि अवधात दुष्काळ पडला आणि १८७६ ते ७८ या काळातही हिंदुस्थानातून गव्हाची निर्यात चालूच राहिली. धान्य भावाच्या दिशेने धावते, भुकेच्या दिशेने धावत नाही. ज्याच्या हाती पैसा नाही त्याची भूक बाजाराच्या तराजूत मावत नाही. १८८० च्या दुष्काळ आयोगाने मात्र आणखी रेल्वे बांधा, अशीच शिफारस केली, आणि ती सर्वस्वी चुकीचीही नव्हती. कारण त्याच रुळांवरून पुढील दुष्काळांत मदतीचे धान्य आले. रूळ तेच. त्यांवरून काय न्यावयाचे आणि कोणासाठी, हे ठरविणारा कोण, एवढाच काय तो फरक.

महाराष्ट्राने हा धडा चारबागेच्या आधीच गिरवला होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरला मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. दक्खनच्या शेतकऱ्याने त्या तेजीच्या भरवशावर कर्ज काढले. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळले. मुंबईच्या पेढ्या बुडाल्या हे सर्वांना ठाऊक आहे. खेड्यांतील कर्ज मात्र बुडाले नाही, ते चक्रवाढीने वाढत राहिले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ले केले आणि खतपत्रे जाळली. त्यांचा राग समोर दिसणाऱ्या सावकारावर होता. अमेरिकेतील युद्धावर रागवावे तरी कसे?

चारबागेच्या फलाटावर हाच प्रश्न १९१६ सालच्या डिसेंबरात पुन्हा उतरला. त्या वर्षी काँग्रेसचे अधिवेशन लखनौस भरले होते. १९०७ साली सुरतेला दुभंगलेली राष्ट्रसभा येथे पुन्हा एकत्र येत होती आणि सुरतेनंतर प्रथमच लोकमान्य टिळक अधिवेशनाला येत होते. स्थानकाची आजची इमारत तेव्हा पुरी झालेली नव्हती. तिची पायाभरणी १९१४ साली झाली होती आणि काम चालू होते. टिळकांना स्थानकावरून मोटारीतून मुकाट्याने मुक्कामी न्यावे, असा स्वागत समितीतील नेमस्तांचा बेत होता. तरुणांना तो मानवला नाही. काहीजण मोटारीपुढे आडवे झाले. अखेरीस भाड्याची बग्गी आणली गेली, तिचे घोडे सोडले गेले आणि पोरांनी ती स्वतः ओढीत नेली. त्या पोरांत शाहजहाँपूरचा एक युवक होता, त्याचे नाव रामप्रसाद बिस्मिल. हा प्रसंग त्याने पुढे आपल्या आत्मकथेत लिहून ठेवला आहे. गांधी आणि जवाहरलाल नेहरू यांची पहिली भेट याच अधिवेशनाच्या सुमारास झाली.

टिळकांची बग्गी इतिहासाच्या लक्षात राहिली. त्याच दिवसांत लखनौला आलेला चंपारण्याचा एक शेतकरी तितकासा राहिला नसता, जर तो गांधींच्या मागे हात धुऊन लागला नसता. राजकुमार शुक्ल हे त्याचे नाव. त्याची तक्रार निळीची होती. चंपारण्यात कुळाला आपल्या जमिनीच्या वीस हिश्श्यांपैकी तीन हिश्श्यांत मळेवाल्यासाठी नीळ लावावी लागे. या पद्धतीला 'तीनकठिया' म्हणत. १८९७ साली जर्मनीतील बीएएसएफ या कंपनीने रसायनशाळेत बनविलेली कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि झाडापासून निघणाऱ्या निळीचा व्यापार ढासळला. वास्तविक रयतेने सुटकेचा श्वास टाकावयास हवा होता. झाले उलटेच. मळेवाल्यांनी आपला तोटा कुळांच्या अंगावर ढकलला. नीळ लावण्याच्या बंधनातून तुम्हाला मोकळे करतो, असे म्हणून कोठे सारा वाढवून घेतला, याला 'शरहबेशी' म्हणत. कोठे एकरकमी पैसा उकळला, याला 'तावान' म्हणत. मग १९१४ साली महायुद्ध पेटले, जर्मन रंग येईनासा झाला, भाव चढले आणि निळीची लागवड पुन्हा वाढली. नफ्याच्या वेळी मळेवाला जगाच्या बाजाराशी जोडलेला होता. तोट्याच्या वेळी कूळ.

जागतिकीकरणाची याहून नेमकी व्याख्या कोणत्या ग्रंथात सापडेल असे वाटत नाही. ऱ्हाईनच्या काठी एका कारखान्यात रसायनशास्त्रज्ञांनी शोध लावला. त्यांना चंपारण्याचे नावही ठाऊक नसावे. शोध वाईट नव्हता. त्याने कापड स्वस्तात रंगू लागले. मळेवाल्याने जे केले ते कायद्याच्या चौकटीत बसवून केले. आणि शेवटी बोजा ज्याच्या पाठीवर पडला, त्याला या साखळीत कोणीही, कधीही, काहीही विचारलेले नव्हते. शुक्लांनी लखनौला येऊन विचारण्याचा हक्क मागितला, इतकेच. गांधींनी स्वतःच लिहिले आहे की, चंपारण्य नकाशावर कोठे आहे हेही त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते. एप्रिल १९१७ मध्ये ते तेथे गेले आणि १९१८ साली कायदा होऊन तीनकठिया संपली.

त्या अधिवेशनाच्या काळात आणखी एक प्रश्न देशापुढे होता, तो गिरमिटाचा. मराठीत गिरमिट म्हणजे सुताराचे भोक पाडण्याचे हत्यार. हे गिरमिट वेगळे; 'अ‍ॅग्रीमेंट' या इंग्रजी शब्दाचा तो पूरबी अपभ्रंश. १८३४ पासून मॉरिशसला, पुढे त्रिनिदाद, गयाना, नाताळला आणि १८७९ पासून फिजीला पाच पाच वर्षांच्या करारावर मजूर नेले जात होते. एकट्या फिजीला १९१६ पर्यंत सुमारे ६०,००० माणसे गेली, आणि त्यांतील फार मोठा भाग गोंडा, फैजाबाद, बस्ती अशा जिल्ह्यांतला होता. मॉरिशसला कोकणातील मराठी माणसेही गेली. त्यांचे वंशज तेथे आजही मराठी म्हणून नांदत आहेत. ऊस लावणारी वसाहत एकीकडे, साखर खाणारे युरोप दुसरीकडे, आणि मजूर तिसरीकडचा. गुलामगिरी बंद झाल्यावर मळ्यांना हात हवे होते. ते अवधच्या आणि बिहारच्या दारिद्र्याने पुरविले. या पद्धतीविरुद्ध कायदेमंडळात प्रथम झुंजले ते गोपाळ कृष्ण गोखले. त्यांच्या १९१० च्या ठरावामुळे नाताळला मजूर नेणे बंद झाले. १९१२ साली सारी पद्धतच रद्द करण्याचा त्यांचा ठराव मात्र फेटाळला गेला. १९१६ च्या मार्चमध्ये मदनमोहन मालवीयांनी तोच प्रश्न पुन्हा मांडला, तेव्हा गोखले हयात नव्हते. सरकारने तत्त्वतः तो मान्य केला आणि १९१७ साली गिरमिटाची जहाजे थांबली.

येथवरचा हिशेब एकांगी वाटेल. तसा तो नाही. त्याच रेल्वेने मुंबईच्या वाळकेश्वरचा एक वकील हिंदुस्थानभर हिंडला, घराण्याघराण्यांत कुलपात पडलेल्या चिजा त्याने जमविल्या, छापील स्वरलिपीत बसविल्या, आणि १९२६ साली लखनौस संगीत महाविद्यालय उघडले. विष्णु नारायण भातखंडे यांच्या या संस्थेला त्या वेळच्या गव्हर्नराच्या नावावरून मॅरिस कॉलेज म्हणत. मुंबईचेच श्रीकृष्ण रातंजनकर तिचे दीर्घकाळ प्राचार्य होते. आगगाडी, छापखाना, महाविद्यालय ही तीनही साधने बाहेरून आलेली. त्यांतून जे साधले ते मात्र येथल्याच रागदारीचे शास्त्र. हार्मोनियमची गोष्टही अशीच. फ्रान्समध्ये जन्मलेली ही पेटी मराठी नाटकाने आणि कीर्तनाने पोटाशी धरली. आकाशवाणीने १९४० साली तिला बाहेर काढले, का, तर तिच्यात श्रुती वाजत नाहीत आणि मींड निघत नाही. तीस एक वर्षे हा बहिष्कार टिकला. आक्षेप शास्त्रदृष्ट्या खोटा नव्हता, पण गवयांनी आणि श्रोत्यांनी पेटी सोडली नाही. घ्यावयाचे की नाकारावयाचे हे ज्यांचे त्यांना ठरविता आले, म्हणून परके वाद्य आपले झाले. निळीच्या कुळाला हीच मोकळीक नव्हती.

स्थानकाची आजची इमारत १९२० नंतरच्या दशकात पुरी झाली. राजपूत, मोगल आणि अवधी शैलींची ती सरमिसळ पाहून शुद्धतेचा आग्रह धरणारे नाक मुरडतील. परंतु लखनौच्या माणसाला ती आपलीच वाटते. २०१७ च्या सप्टेंबरात तेथे मेट्रोही आली. तिच्यासाठी युरोपीय गुंतवणूक बँकेने कर्ज दिले आणि गाड्या एका फ्रेंच कंपनीने आंध्रातील श्रीसिटीच्या कारखान्यात बांधल्या. हे कर्ज फेडावयाचे आहे. पण ते काढावे की नाही, हे ठरविणारे सरकार निवडून दिलेले आहे आणि त्याला जाब विचारता येतो. १८६७ आणि २०१७ यांत हे अंतर आहे, आणि ते लहान नाही.

परंतु ते पुरेसेही नाही. चौकातल्या दुकानांत चिकनचे कुडते परदेशी पाहुण्यांपासून मुंबईच्या व्यापाऱ्यांपर्यंत सारेजण विकत घेतात. २००८ साली या भरतकामाला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही मिळाले. पण ते टाके घालणाऱ्या बहुसंख्य बायका घरी बसून, मध्यस्थामार्फत, नगावर मजुरी घेतात. कापडाचा भाव जग ठरविते आणि टाक्याचा भाव मध्यस्थ.

२०२० सालच्या मार्चमध्ये साऱ्या जगात पसरलेली एक साथ भारतात थोपविण्यासाठी संचारबंदी लागली आणि प्रवासी गाड्या बंद झाल्या. विमानांनी खंडोखंडी नेलेल्या रोगाचा भार रस्त्यावर पायी चालत निघालेल्या मजुरांवर आला. महाराष्ट्रातील कारखाने, बांधकामे, भटारखाने थांबले. उत्तर प्रदेशाची वाट धरून माणसे नाशिक महामार्गाने निघाली. १ मे पासून खास श्रमिक गाड्या सुटू लागल्या. २ मे रोजी नाशिक रोडहून निघालेली अशी एक गाडी आठशेंहून अधिक मजुरांना घेऊन ३ मे च्या सकाळी चारबागेला पोहोचली. फलाटावर अंतराअंतराने उभे करून त्यांची तपासणी झाली आणि बसमधून त्यांना आपापल्या जिल्ह्याकडे रवाना करण्यात आले. त्यानंतर काही महिन्यांत परतीच्या गाड्या भरू लागल्या. घरी शेती पुरत नव्हती आणि मुंबईला हात हवे होते.

गिरमिटावर गेलेल्या प्रत्येक मजुराचा एक परवाना असे. त्यावर त्याचे नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, ठाणे, गाव, उंची आणि अंगावरील खुणा लिहिलेल्या असत. ते मळेवाल्यांच्या सोयीसाठी होते, मजुराच्या नव्हे. तरीही ते कागद दफ्तरखान्यांत टिकले, आणि फिजीचे, मॉरिशसचे, त्रिनिदादचे पणतू-खापरपणतू आज त्यांच्या आधाराने गोंड्यातले किंवा बस्तीतले आपले गाव शोधीत येतात. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कामाला जाणाऱ्या मजुरांची नोंद कंत्राटदारांनी ठेवावी, असा कायदा स्वतंत्र भारताने १९७९ साली केला होता. २०२० च्या सप्टेंबरात संसदेत प्रश्न आला की, टाळेबंदीत घरी परतताना किती मजूर दगावले. सरकारचे उत्तर होते, अशी आकडेवारी उपलब्ध नाही.